‘हार्ड नॉक्स’ आणि त्याचे चाहते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ऑगस्ट उजाडला की आमच्याकडे न्यू जर्सीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात : मराठी मंडळाच्या गणपतीच्या बैठका आणि मंगळवारी रात्रीची टीव्हीवरची ‘हार्ड नॉक्स’ मालिका. मोदक किती मागवायचे यावर पुढच्या रांगेत वाद रंगलेला असतो, आणि मागच्या रांगेत कुणीतरी हळूच विचारतं, ‘परवा बघितलंस का? काढला रे त्या पोराला!’ मग ज्यांनी ही मालिका कधी पाहिलेलीच नाही ते प्रश्न विचारायला लागतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की शेवटी उत्तरं लिहूनच काढली. आधीच कबूल करतो, मी न्यूयॉर्क जायंट्स या फुटबॉल संघाचा चाहता आहे. त्यामुळे २०२४ बद्दलच्या उत्तरात मी तटस्थ नाही.

हे फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल का?

नाही. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर चिलखत, ते अमेरिकन फुटबॉल. एनएफएल ही त्यांची ३२ संघांची लीग.

मालिकेत नेमकं असतं काय?

सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक संघाचं महिनाभराचं सराव शिबिर भरतं. एका संघाच्या शिबिरात कॅमेरे जाऊन बसतात : मैदानावर, बैठकीच्या खोलीत, जेवणाच्या हॉलमध्ये, कोचच्या केबिनमध्ये, कधी खेळाडूच्या घरी. साधारण पाच भाग असतात आणि त्या त्या आठवड्यात घडलेलं त्याच आठवड्यात दिसतं. एचबीओ दाखवतं, एनएफएल फिल्म्स बनवतं. पहिला सीझन २००१ चा. तेव्हाचा संघ बॉल्टिमोर रेव्हन्स, जे त्याच वर्षी जानेवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून आले होते. त्या सीझनमध्ये टोनी सिरागुसा या अवाढव्य बचावपटूने टाइट एंड (अडवणारे आणि चेंडूही झेलणारे) मंडळींना त्यांच्याच बैठकीच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. जुने प्रेक्षक आजही तो किस्सा काढून हसतात. २००२ मध्ये डॅलस काउबॉइज झाले, मग काही वर्षं खंड पडला, आणि २००७ पासून २०११ चा अपवाद सोडला तर दर ऑगस्टला मालिका येतेच. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंचं भांडण चालू होतं, शिबिरंच रखडली होती.

सराव बघण्यात कसली आलीय मजा? सामना तरी असतो का?

सराव सामने असतात, पण त्यांच्या निकालाला काही किंमत नसते. मजा एका आकड्यात आहे : ९० चे ५३. शिबिराला ९० जण येतात. सीझन सुरू होताना यादीत ५३ नावं राहतात. पूर्वी ही छाटणी बहुतेकदा टप्प्याटप्प्याने व्हायची, २०२३ पासून एकाच दिवशी होते. गळालेल्यांतल्या काहींना ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’मध्ये घेतात, म्हणजे सराव करायचा, पगारही मिळतो, पण मुख्य यादीत नाव नाही. बाकीचे बॅग भरून घरी.

कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर प्रवेशाच्या यादीत आपलं नाव शोधत जो कुणी उभा राहिला आहे, त्याला ही मालिका समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की इथे बोर्ड नसतो. एक माणूस येतो, खांद्याला हात लावतो आणि म्हणतो, ‘कोचनी बोलावलंय, प्लेबुक (डावपेचांची वही) घेऊन ये.’ या माणसाला लॉकर रूममध्ये फार जुन्या काळापासून ‘द टर्क’ म्हणतात. सगळ्या शिबिरात त्याच्यासारखं कुणालाच कुणी टाळत नाही.

म्हणजे लोक मोठ्या खेळाडूंसाठी बघत नाहीत?

सुरुवात त्यांच्यासाठीच करतात. दुसऱ्या भागापर्यंत मात्र लक्ष हटकून एखाद्या अशा पोराकडे जातं ज्याचं नाव आठ दिवसांपूर्वी कुणाला माहीत नव्हतं.

२०१८ च्या क्लीव्हलंड ब्राउन्सच्या सीझनचं घ्या. त्या वर्षी नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकाने निवडलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, डाव चालवणारा) बेकर मेफील्ड तिथे होता, जार्व्हिस लँड्रीसारखा नावाजलेला रिसीव्हर (चेंडू झेलणारा) होता. लँड्रीचं साथीदारांना झापणारं भाषण गाजलंही. पण लोकांनी जीव लावला तो डेव्हॉन कजुस्ट या टाइट एंडला. स्टॅनफर्डचा मुलगा, स्फटिक जमवायचा, वडिलांशी असलेलं त्याचं नातं कॅमेऱ्याने फार मायेने टिपलं. तो यादीतून गळला त्या रात्री माझ्या ओळखीतले दोन पक्के पिट्सबर्गवाले, म्हणजे क्लीव्हलंडचे पिढीजात वैरी, हळहळत होते. कार्ल नासिबचंही तसंच. हा बचावफळीतला गडी फळ्यापाशी उभा राहून सहकाऱ्यांना चक्रवाढ व्याज समजावून सांगतो आणि ते तोंडाचा आ वासून ऐकतात. आमच्याकडे कित्येकांनी ती क्लिप आपल्या मुलांना दाखवली. आमच्या आजोबांनी पोस्टाच्या पासबुकावर तेच शिकवलं होतं, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. गंमत म्हणजे या व्याजवाल्या मास्तरलाही ब्राउन्सनी सीझनच्या तोंडावर सोडलं. टँपा बेने दुसऱ्याच दिवशी उचललं, ते वेगळं.

एखाद्याची नोकरी जाताना बघायला बरं वाटतं का?

बरं वाटत नाही, तरी नजर हटत नाही. चाहत्यांमध्ये यावर कायमचे दोन तट आहेत. एक म्हणतो, हाच मालिकेचा प्राण आहे, तो काढला तर उरते ती जाहिरात. दुसरा म्हणतो, माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट पाच मिनिटांना पार्श्वसंगीत लावू नये.

दुसऱ्या तटाचे लोक २०१२ च्या मायामी डॉल्फिन्सचा दाखला देतात. त्या सीझनमध्ये व्हॉन्टे डेव्हिसला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावून सांगतात, तुला इंडियानापोलिसला देऊन टाकलंय. पहिल्या फेरीत निवडलेला, पैसेवाला, दांडगा खेळाडू. तो दोन क्षण गप्प बसतो आणि विचारतो, आजीला फोन करू का? त्या वेळी लोक हसले होते. डेव्हिस २०१८ मध्ये बफेलोकडून खेळताना सामन्याच्या मध्यंतरात निवृत्त झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये तो गेला. त्यानंतर तीच क्लिप पुन्हा फिरली, या वेळी हसायला कुणी तयार नव्हतं.

त्याच सीझनमध्ये चॅड जॉन्सनला घरगुती हिंसेच्या आरोपाखाली अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी कोच जो फिल्बिनने त्याला काढलं. ते सगळं संभाषण कॅमेऱ्यासमोर झालं. तिथे मात्र पहिल्या तटाचं म्हणणं मला पटतं. एरवी पत्रकार परिषदेत दोन ओळींत गुंडाळलं जाणारं प्रकरण, समोरासमोर बसलेल्या दोन माणसांच्या चेहऱ्यावर दिसलं.

२०१७ मध्ये टँपा बेचा किकर रोबेर्तो अग्वायो. संघाने आदल्या वर्षी चक्क दुसऱ्या फेरीत त्याची निवड केली होती. किकरसाठी इतकी वरची निवड खर्च करणं म्हणजे चपलेसाठी तिजोरी घेण्यासारखं. बिचाऱ्याच्या किक चुकत गेल्या, ऑगस्टमध्ये त्याला काढलं. चाहते वर्षभर त्याला शिव्या घालत होते, आणि केबिनमधला त्याचा चेहरा बघितल्यावर बरेच जण मऊ झाले. चूक निवडणाऱ्यांची होती हे त्यांना तेव्हा सुचलं.

आपल्या संघाची निवड झाली की चाहते खूश होतात का?

पहिल्या दिवशी हो. पण ही मालिका दोनदा बघितली जाते, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये. ऑगस्टमध्ये सगळे संघ शून्यावर असतात, प्रत्येक कोच शहाणा वाटतो, प्रत्येक भाषणाला अंगावर काटा येतो. डिसेंबरात तेच दृश्य, तीच वाक्यं, पण आता निकाल माहीत असतात. संघ जिंकत असेल तर ‘बघा, तेव्हाच दिसत होतं,’ आणि हरत असेल तरीही ‘बघा, तेव्हाच दिसत होतं.’

उदाहरण द्या.

२०१६, रॅम्स. संघ नुकताच सेंट लुइसहून लॉस एंजेलिसला आलेला. कोच जेफ फिशर. या संघाचा हिशेब २०१३ मध्ये ७ विजय ९ पराभव, २०१५ मध्येही ७ विजय ९ पराभव. पहिल्याच भागात नियम मोडणाऱ्या एका खेळाडूला फिशर घरी पाठवतो आणि मग सगळ्यांसमोर शिवी हासडून म्हणतो, आपण काही ७-९ करणार नाही. त्या रात्री लॉस एंजेलिसच्या नव्या चाहत्यांना वाटलं, व्वा, कोच असावा तर असा. डिसेंबरमध्ये त्याला काढलं तेव्हा संघ ४-९ वर होता, शेवट ४-१२ झाला. फिशरने शब्द पाळला, ७-९ झालं नाही. आजही कुठला संघ सातव्या विजयाशी अडकला की लोक ती क्लिप टाकतात, खाली काही लिहावंसुद्धा लागत नाही.

त्याच सीझनमध्ये विल्यम हेज हा गडी शपथेवर सांगतो की डायनोसॉर कधी नव्हतेच, पण जलपऱ्या आहेत. याचा निकालाशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

ब्राउन्सचा सीझन सगळ्यांत चांगला असं म्हणतात. संघ तर भिकार होता ना?

म्हणूनच. २०१६ मध्ये १ विजय, १५ पराभव. २०१७ मध्ये ० विजय, १६ पराभव. अशा संघाच्या शिबिरात कॅमेरे गेले आणि कुणाला काही लपवता आलं नाही. पहिल्या भागात कळतं की कोच ह्यू जॅक्सनची आई आणि भाऊ नुकतेच गेलेत, तरी तो कामावर हजर असतो. त्याच भागात बैठकीत खेळाडूंना किती विश्रांती द्यायची यावर टॉड हेली हा सहायक कोच त्याला सरळ आव्हान देतो. जॅक्सन शांतपणे, पण जबड्याचे स्नायू आवळून सांगतो की निर्णय माझा असेल. आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात नव्या साहेबाने जुन्या साहेबाला असं अडवलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना कळलं की हे टिकणार नाही. २९ ऑक्टोबर २०१८ ला दोघांनाही एकाच दिवशी नारळ मिळाला.

आणि मग बॉब वायली. आक्रमक फळीचा हा म्हातारा कोच, पोट सांभाळत चालणारा, स्ट्रेचिंगवर त्याचा अजिबात विश्वास नाही. दोन महायुद्धं जिंकलेल्या सैनिकांनी जोर-बैठका मारल्या, स्ट्रेचिंग कुठे केलं, असा त्याचा युक्तिवाद. कोल्हापूरच्या तालमीतला एखादा वस्ताद इंग्रजीत बोलायला लागला तर असाच बोलेल. संघ, देश, वैर सगळं विसरून लोक या माणसाच्या प्रेमात पडले.

मेफील्डने सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध मैदानात येऊन ६३५ दिवसांनी ब्राउन्सना पहिला विजय मिळवून दिला. ज्यांनी ऑगस्टमध्ये ते पाच भाग पाहिले होते त्यांना, क्लीव्हलंडशी काही देणंघेणं नसताना, त्या रात्री आपलंच कुणी पास झाल्यासारखं वाटलं.

डेट्रॉइटबद्दल लोक इतके हळवे का होतात?

ज्याच्यावर विश्वास ठेवावा असं वाटलं आणि पुढे तो खराही ठरला, असा माणूस या मालिकेत क्वचित सापडतो. २०२२ मध्ये लायन्स आदल्या सीझनचं ३ विजय, १३ पराभव, १ बरोबरी घेऊन आले होते. कोच डॅन कॅम्बेल, स्वतः माजी खेळाडू, खेळाडूंबरोबर घाम गाळणारा, बोलताना घसा दाटून येणारा. नवा मुलगा एडन हचिन्सन सगळ्या संघासमोर उभा राहून मायकल जॅक्सनचं गाणं म्हणतो आणि हळूहळू अख्खी खोली त्याच्यामागे गायला लागते. जमाल विल्यम्स साथीदारांना आदल्या वर्षाची आठवण देताना रडतो. सहाव्या फेरीत निवडलेला माल्कम रॉड्रिगेस सराव करता करता थेट पहिल्या अकरात जाऊन बसतो. प्रेक्षक म्हणाले, हा संघ आपला.

सीझन सुरू झाला आणि पहिल्या सातांपैकी सहा सामने हरले. ऑक्टोबरमध्ये तेच प्रेक्षक म्हणाले, भाषणं करणाऱ्या कोचची हीच गत होते. मग पारडं फिरलं. शेवट ९-८. शेवटच्या सामन्यात ग्रीन बेला त्यांच्याच मैदानावर हरवून त्यांचं प्लेऑफचं दार बंद केलं. २०२३ मध्ये १२-५, १९९३ नंतर पहिल्यांदा गटविजेतेपद. म्हणजे कॅम्बेलच्या अश्रूंना लोकांनी अठरा महिन्यांत तीन वेगवेगळे अर्थ लावले.

रॅम्स आणि लायन्स या दोन्ही सीझनमध्ये एक माणूस सामाईक आहे, क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ. २०१६ मध्ये फिशरच्या हाताखाली बावरलेला नवखा, २०२२ मध्ये दुसऱ्या संघाने टाकून दिलेला आणि इथे रुजलेला. दोन्ही लागोपाठ बघा. त्याच्याबद्दल कुणी मुद्दाम कथा रचली नाही, तरी ती तयार झाली.

मालिकेत आलेला संघ त्या वर्षी बुडतो, हा ‘हार्ड नॉक्सचा शाप’ खरा आहे का?

नाही. २०१० चे जेट्स ११-५ होऊन सुपर बोलपासून एक सामना दूर राहिले. २००९ चे आणि २०१३ चे सिनसिनाटी, दोन्ही वेळा गटात पहिले. २०२१ चे काउबॉइज १२-५. हो, शिबिराच्या मालिकेत झळकलेल्या संघाने त्याच मोसमात सुपर बोल जिंकला, असं २०२४ पर्यंत एकदाही झालेलं नाही. पण ३२ संघांपैकी एकच जिंकतो, आणि बरीच वर्षं निवड होत आली ती मुळात मधल्या किंवा खालच्या संघांतून. त्यात शाप कुठून आला?

तरीही शापावर विश्वास ठेवणाऱ्यांना ११ सप्टेंबर २०२३ ची रात्र कुणी विसरू देत नाही. जेट्सनी नामवंत क्वार्टरबॅक एरन रॉजर्सला आणलं, महिनाभर मालिकेत त्याचंच कौतुक चाललं, आणि पहिल्या सामन्यात चौथ्याच डावाला त्याच्या टाचेची मोठी शीर तुटली. सीझन तिथेच संपला. आमच्या शेजारच्या जेट्सच्या चाहत्याने टीव्ही बंद करून कचरा बाहेर नेऊन ठेवला. कचरा गाडी यायला दोन दिवस होते.

त्याने टीव्ही बंद केला नसता तर पुढचं दिसलं असतं. तो सामना जेट्सनी जादा वेळेत जिंकला, आणि जिंकून दिला झेव्हियर गिप्सनने, चेंडू झेलून ६५ यार्ड धावत. हा गिप्सन म्हणजे कुणीच न निवडलेला, शिबिरात आपली जागा कमावणारा पोरगा. ज्यांनी मालिका बघितली होती तेवढ्यांनाच तो ओरडण्याइतका ओळखीचा होता.

शिव्या फार असतात का? मुलांबरोबर बघता येईल?

येणार नाही. २०१० च्या जेट्सचा कोच रेक्स रायन तर शिवीशिवाय श्वास घेत नव्हता. टोनी डंजीसारख्या सज्जन माजी कोचने जाहीर नाराजी व्यक्त केली. चाहत्यांनी मात्र रायनचं एक वाक्य डोक्यावर घेतलं : लांबलचक तंबी देऊन झाल्यावर तो संघाला म्हणतो, चला आता, आपण (इथे एक शिवी) खाऊ खायला जाऊ. पंधरा वर्षं झाली, न्यू जर्सीत अजून बैठकी त्या वाक्यावर संपतात. आमच्या मंडळाचीही एक संपली आहे, शिवी वगळून.

हे सगळं खरं असतं की रचलेलं?

माणसं खरी, प्रसंग खरे, निवड रचलेली. एनएफएल फिल्म्स ही काही बाहेरची संस्था नाही. एड सेबोल नावाच्या गृहस्थाने १९६२ च्या अंतिम सामन्याच्या चित्रीकरणाचे हक्क ३,००० डॉलर्सना घेतले, त्यातून ती उभी राहिली आणि काही वर्षांतच लीगने ती आपल्यात घेतली. आजही न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेलमधून ती चालते. म्हणजे लीगबद्दलची मालिका लीगच बनवते, आणि प्रक्षेपणाआधी संघ भाग बघतो, डावपेच उघड होतील असं काही असेल तर काढायला लावतो. घरच्या लग्नाचा व्हिडिओ घरच्याच काकांनी काढला तर भांडण कितपत दिसेल, तेवढं इथे दिसतं.

२०१९ च्या ओकलंड रेडर्समध्ये हे उघडं पडलं. रिसीव्हर अँटोनियो ब्राउनने शीत उपचाराच्या यंत्रात पाय गोठवून घेतले, मग आवडीचं जुनं हेल्मेट घालू देत नाहीत म्हणून रुसला. बातम्यांत रोज नवा तमाशा चालला होता, आणि मंगळवारी मालिकेत त्याचं मवाळ, नीटनेटकं रूप यायचं. शेवटचा भाग होऊन आठवडाही झाला नव्हता तोच संघाने त्याला मुक्त केलं. चाहत्यांचा राग योग्य होता. कॅमेरा खोलीत असूनही खोलीतली बातमी बाहेरून कळत होती.

संघ नको म्हणू शकतो का?

२०१३ मध्ये नियम आला की कुणीच पुढे आलं नाही तर लीग सक्ती करू शकते. तेव्हा तीन सवलती होत्या : नवा मुख्य कोच असेल, गेल्या दोन वर्षांत प्लेऑफ गाठलं असेल, किंवा गेल्या दहा वर्षांत मालिकेत येऊन गेला असेल. २०२३ मध्ये जेट्सवर अशीच पाळी आली. कोच रॉबर्ट सालेह म्हणाला, हे ज्यांना हवंय असे संघ आहेत, आम्ही त्यातले नाही. रॉजर्सही म्हणाला की हे आमच्या गळ्यात मारलंय. जबरदस्तीने फोटोला उभं केलेल्या मुलासारखा अख्खा सीझन झाला, प्रेक्षकांना ते जाणवलं.

निवेदकाचा आवाज कुणाचा?

लीव्ह श्रायबर या अभिनेत्याचा, २००७ चा कॅन्सस सिटीचा सीझन सोडून. तो पॉल रड या अभिनेत्याने केला, कारण रड त्या संघाचा चाहता. श्रायबरच्या आवाजात किराणा मालाची यादी वाचली तरी तिसऱ्या वस्तूला काळजी वाटायला लागेल. रॉजर्सला अख्ख्या मालिकेत तेवढंच आवडायचं. तो ते उघड बोलला आणि श्रायबर खरोखर शिबिरात त्याला भेटायला आला.

तुम्ही जायंट्सबद्दल बोलायचं टाळताय का?

हो.

बरं. २०२४ च्या जुलैमध्ये मालिकेने नवा प्रयोग केला, शिबिराच्या आधीच्या महिन्यांचा. खेळाडू कमी, ऑफिस जास्त. कॅमेरे जनरल मॅनेजर जो शेनच्या खोलीत. संघाचा सर्वांत लाडका खेळाडू सेक्वॉन बार्कली, त्याचा करार संपत आलेला. ठेवायचा की जाऊ द्यायचा? शेन म्हणतो, एवढे पैसे धावणाऱ्या खेळाडूवर घालायचे नाहीत. मालक जॉन मारा, वडिलोपार्जित मालक, ऐकून घेतो आणि म्हणतो की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे.

तो फिलाडेल्फियालाच गेला.

जुलैमध्ये हे दिसलं तेव्हा आमच्यातले निम्मे शेनच्या बाजूने होते, हे आज कुणी कबूल करणार नाही. ‘भावनेने घर चालत नाही,’ हे वाक्य मी स्वतः, कांदेपोहे खाता खाता, दोघांना ऐकवलंय. ऑक्टोबरमध्ये बार्कली आमच्याच मैदानावर येऊन १७६ यार्ड धावून गेला. सीझनअखेर त्याचे २,००५ यार्ड, आमचे ३ विजय आणि १४ पराभव. ९ फेब्रुवारी २०२५ ला, त्याच्या वाढदिवशी, फिलाडेल्फियाने सुपर बोल जिंकला. प्रत्येक टप्प्याला माराच्या झोपेची क्लिप नव्याने फिरली. विरोधकांपेक्षा जास्त ती आम्हीच फिरवली.

मालिका म्हणून विचाराल तर तिचा याहून खरा सीझन झालेला नाही. माणसांनी भरलेल्या खोलीत शहाणपणाचे शब्द वापरून चूक कशी होते, ते पाच भागांत दिसतं, आणि त्या वेळी कुणालाच, प्रेक्षकालाही, ती चूक वाटत नाही. २०२५ मध्ये हा ऑफसीझनचा प्रयोग पुन्हा झाला नाही. इतर ३१ संघांनीही ती क्लिप पाहिली असणार.

गोल चेंडूच्या फुटबॉलमध्ये असं काही आहे?

अ‍ॅमेझॉनच्या ‘ऑल ऑर नथिंग’मध्ये मँचेस्टर सिटी, टॉटनहॅम, आर्सेनल होऊन गेले. तिथेही चाहत्यांचा तोच खाक्या. आर्सेनलच्या मिकेल आर्टेटाने लिव्हरपूलला जायच्या आधी सरावाच्या मैदानावर मोठाले स्पीकर लावून त्यांचंच गाणं वाजवलं, म्हणजे पोरांना गोंगाटाची सवय व्हावी. सामना ४-० ने हरले होते, त्यामुळे मालिका आली तेव्हा लोक खो खो हसले. जिंकले असते तर त्यावर व्यवस्थापनाच्या कार्यशाळा भरल्या असत्या. पण तिथे ९० चे ५३ होत नाहीत, आणि ‘टर्क’ची भीती नसली की रंग थोडा फिका पडतो.

मला खेळातलं काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

२०१८ चे ब्राउन्स. नियम कळायची गरज नाही. माझ्या सासूबाई सहा आठवड्यांसाठी आल्या होत्या तेव्हा त्यांनी पाचही भाग बघितले, चेंडू कुठल्या दिशेला न्यायचा हे शेवटपर्यंत विचारलं नाही. कजुस्टला काढल्यावर मात्र विचारलं, ‘मग आता तो मुलगा करेल काय?’ नंतर २०२२ चे लायन्स बघा, त्यानंतर २०२४ चे जायंट्स. तो शेवटचा बघायचा असेल तर आमच्या घरी येऊ नका.